आमेली: मोंमार्त्रमधल्या एका खोडकर परीकथेविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिग्दर्शक झाँ-प्येर जने यांचा हा चित्रपट २५ एप्रिल २००१ रोजी फ्रान्समध्ये प्रदर्शित झाला आणि त्या एका वर्षात तेथे त्याची ८० लाखांहून अधिक तिकिटे विकली गेली. उपशीर्षके वाचत तो पहिल्यांदा पाहणाऱ्या मराठी प्रेक्षकाला जे प्रश्न हमखास पडतात, त्यांची उत्तरे पुढे दिली आहेत. शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरात चित्रपटाचा शेवट उघड होतो. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांनी तेवढे उत्तर राखून ठेवावे.

चित्रपटाचे मूळ नाव काय आहे, आणि ते कसे उच्चारावे?

मूळ नाव 'ल फाब्युल्यो देस्तँ दामेली पुलँ' असे आहे. त्याचा अर्थ 'आमेली पुलँचे अद्भुत प्रारब्ध' असा होतो. आडनावाचा शेवट नाकात विरणारा आहे, त्यामुळे 'पुलेन' असे ठणठणीत म्हणू नये. फ्रेंचमध्ये पुलँ म्हणजे शिंगरू. कानात वारा शिरलेल्या, पण जरा चाहूल लागताच आडोशाला पळणाऱ्या या नायिकेला ते आडनाव चपखल बसते. फ्रान्सबाहेर मात्र चित्रपट नुसत्या 'आमेली' या नावानेच ओळखला जातो.

कथा थोडक्यात कशी सांगता येईल?

आमेलीचे वडील एके काळी लष्करात डॉक्टर होते आणि मुलीला कधी जवळ घेत नसत. महिन्यातून एकदा तपासणीपुरता त्यांचा स्पर्श होई, त्या आनंदाने मुलीचे काळीज धडधडू लागे, आणि वडील त्यावरून निदान करीत की हिला हृदयविकार आहे. परिणामी शाळा बंद झाली, मित्रमैत्रिणी मिळाल्या नाहीत आणि शिकवणी आईकडे आली. पुढे आईही गेली, कारण नोत्र-दामच्या मनोऱ्यावरून जीव द्यायला उडी मारलेली क्वेबेकची एक पर्यटक स्त्री नेमकी तिच्या अंगावर पडली. तेवीस वर्षांची आमेली आता पॅरिसच्या मोंमार्त्र या भागातल्या एका काफेत काम करते आणि एकटी राहते. ३१ ऑगस्ट १९९७ रोजी राजकन्या डायनाच्या मृत्यूची बातमी ऐकून तिच्या हातून अत्तराच्या बाटलीचे बूच पडते, घरंगळत जाऊन भिंतीच्या तळाच्या फरशीवर आदळते, आणि त्या सैल झालेल्या फरशीमागे तिला एका मुलाने चाळीसेक वर्षांपूर्वी दडवलेली खेळण्यांची डबी सापडते. ती डबी मालकाला परत करायची आणि त्याचे मन हलले तर आपण दुसऱ्यांच्या आयुष्यात गुपचूप हात घालायचा, असे ती ठरवते. मन हलते. पुढचा चित्रपट म्हणजे त्या निश्चयाचे परिणाम आहेत.

या चित्रपटाची मोहिनी नेमकी कशात आहे?

'गोड' हा शब्द या चित्रपटासाठी इतका वापरला गेला आहे की त्यामुळे तो न पाहणारेही काही जण भेटतात. माझ्या मते त्याची मोहिनी गोडव्यात नाही. ती दोन गोष्टींत आहे: निरुपयोगी तपशिलावर असलेली कमालीची निष्ठा, आणि हास्याखाली सतत वाहत राहिलेला एकटेपणा. यातली एक गोष्ट काढली तर उरलेली कोसळते.

पहिल्याच मिनिटाचा दाखला घ्यावा. निवेदक आंद्रे द्युसोलिए यांचा धीरगंभीर आवाज सांगतो की ३ सप्टेंबर १९७३ रोजी सायंकाळी ६ वाजून २८ मिनिटे ३२ सेकंदांनी, मिनिटाला १४,६७० वेळा पंख हलवू शकणारी एक निळी माशी मोंमार्त्रमधल्या एका रस्त्यावर बसली. त्याच क्षणी दुसरीकडे वाऱ्याने टेबलावरचे कापड हलले आणि त्यावरचे पेले कुणाच्याही नकळत नाचू लागले. त्याच क्षणी तिसरीकडे, जिवलग मित्राच्या अंत्यसंस्कारावरून परतलेल्या एका गृहस्थाने पत्त्यांच्या वहीतून त्या मित्राचे नाव खोडून टाकले. आणि त्याच क्षणी आमेलीचा गर्भ राहिला. चार घटनांपैकी दोन गमतीच्या आहेत, एक जन्माची आहे आणि एक मरणाची. निवेदकाचा सूर मात्र चारही वेळा पंचांग वाचल्यासारखा समपातळीत राहतो. ज्या गोष्टींची नोंद कोणीच ठेवणार नाही त्यांची नोंद येथे सेकंदाच्या हिशेबाने ठेवली जाते, आणि म्हणूनच खोडलेले नाव आपल्याला माशीपेक्षा जास्त वेळ आठवत राहते.

पात्रांच्या आवडीनिवडी इतक्या सविस्तर का सांगितल्या आहेत?

पात्राची ओळख करून देताना सहसा त्याचा व्यवसाय, स्वभाव, कुटुंब असे सांगितले जाते. जने आणि त्यांचे सहलेखक गियोम लोराँ हे सर्व बाजूला ठेवून फक्त 'याला काय आवडते, काय आवडत नाही' एवढेच सांगतात. आमेलीच्या वडिलांना भिंतीवरच्या कागदाच्या लांब पट्ट्या सोलायला आवडतात आणि अवजारांची पेटी रिकामी करून, पुसून, पुन्हा लावून ठेवायला आवडते. आईला आपली पर्स रिकामी करून, पुसून, पुन्हा लावून ठेवायला आवडते. नवराबायको एकमेकांशी फारसे बोलताना दिसत नाहीत, परंतु दोघांचा आनंद एकाच साच्यातला आहे हे प्रेक्षकाला कळते आणि त्या दोघांना कधीच कळत नाही. आईबापांच्या संसाराचे वर्णन दोन पेट्यांत उरकणारे हे लेखन मला फार वरच्या दर्जाचे वाटते.

आमेलीच्या आवडीही अशाच हाताच्या, बोटांच्या आहेत. क्रेम ब्रुले या दुधासायीच्या पदार्थावरचा जळक्या साखरेचा कडक पापुद्रा चमच्याच्या टोकाने फोडणे, साँ-मार्तँ कालव्यात चपटे दगड पाण्यावरून टप्पे घेत फेकणे, आणि दुकानातल्या धान्याच्या पोत्यात हात खोलवर खुपसणे. हे शेवटचे दृश्य पाहताना किराणा दुकानदाराचा ओरडा खाल्लेल्या कोणाही मराठी माणसाच्या तळव्याला गार धान्याची आठवण होतेच. मोंमार्त्र न पाहिलेल्या माणसालाही हा चित्रपट परका वाटत नाही, त्याचे एक कारण हे आहे. मात्र या आवडींतली एकही गोष्ट करायला दुसरे माणूस लागत नाही, हेही ध्यानात घ्यावे.

चित्रपटातले रंग असे हिरवे, तांबडे आणि सोनेरी का दिसतात?

ब्राझीलचे चित्रकार जुआरेझ माशादो यांच्या चित्रांचा प्रभाव जने यांनी स्वतः मान्य केला आहे. छायालेखक ब्रुनो देल्बोनेल यांनी हिरवा, तांबडा आणि सोनेरी पिवळा यांवर सगळी रंगसंगती उभी केली आणि चित्रीकरणानंतर संगणकावर रंग नीट बसवून घेतले. त्या काळी ही पद्धत नवी होती. अशा चौकटीत मधूनच एखादी निळी वस्तू, बहुधा एखादा दिवा, ठेवलेली दिसते. ती चौकट शिळी होऊ देत नाही. तोंडात गोड घोळत असताना मिठाची कणी लागावी तसे तिचे काम आहे.

आमेलीच्या खोलीतली चित्रे जर्मन चित्रकार मिखाएल सोवा यांची आहेत, आणि पलंगाजवळचा डुकराच्या आकाराचा दिवाही त्यांच्याच कल्पनेतला. ही चित्रे रात्री आपसात तिच्याविषयी बोलतात. रुंद कोनाच्या भिंगाचा कॅमेरा जवळ आणल्यामुळे चेहरे किंचित फुगीर, बालपुस्तकातल्या चित्रांसारखे दिसतात, ही खूण जने यांच्या आधीच्या चित्रपटांतही होती. परंतु तेथे ती भेसूर वाटे. येथे तेच तंत्र मायेने वापरले आहे.

संगीत ऐकून एकाच वेळी आनंद आणि हुरहूर का वाटते?

संगीत यान तिएर्सेन यांचे आहे. यातल्या अनेक रचना त्यांच्या आधीच्या अल्बममधून घेतल्या आहेत आणि काही खास चित्रपटासाठी केल्या आहेत. अकॉर्डियन, पियानो आणि मुलांचा खेळण्यातला पियानो ही त्यातली ठळक वाद्ये आहेत. चाल बहुतेक ठिकाणी वॉल्ट्झची, म्हणजे तीन मात्रांची, पाळण्यासारखी फिरणारी आहे, परंतु सुरावट पुष्कळदा मायनर, म्हणजे आपल्या भाषेत सांगायचे तर कोमल गंधाराची आहे. पाय नाचू पाहतात आणि गळा दाटतो. पियानोवर वाजणारी लहानशी रचना तर आता जगभरातले नवशिके वाजवतात, इतकी की ती चित्रपटातली आहे हे काहींना ठाऊकही नसते. चित्रपटाच्या यशात तिएर्सेन यांचा वाटा किती, यावर वाद घालण्यात अर्थ नाही; आवाज बंद करून दहा मिनिटे पाहावे, उत्तर मिळते.

हे खरेखुरे पॅरिस आहे का? ती ठिकाणे पाहता येतात का?

ठिकाणे खरी आहेत, पॅरिस खरे नाही. आमेली काम करते तो 'काफे दे द्यो मुलँ' र्यू लपिक या चढणीच्या रस्त्यावर १५ क्रमांकाला आजही चालू आहे. नावाचा अर्थ 'दोन पवनचक्क्यांचा काफे', कारण मुलँ रूज आणि मुलँ द ला गालेत या दोन्ही पवनचक्क्या त्याच परिसरातल्या आहेत. चित्रपटात काफेतली जॉर्जेत बसते तो तंबाखूचा गल्ला मात्र नंतर काढून टाकला गेला. कोलिन्योंचे भाजीफळांचे दुकान र्यू दे त्र्वा फ्रेर या रस्त्यावर आहे, आणि साक्रे-कर चर्चच्या पायथ्याचे फिरते घोडे व वर जाणाऱ्या पायऱ्याही पाहता येतात. आमेलीचे घर शोधू नये. घरांचे बरेचसे अंतर्भाग जर्मनीतील कोलोनच्या स्टुडिओत उभारले होते.

बाहेरच्या चित्रीकरणासाठी रस्त्यांवरच्या गाड्या हटवल्या होत्या आणि भिंतींवरची रंगरंगोटी पुसली होती. यातूनच चित्रपटावरची सर्वांत गंभीर टीका निघाली. प्रदर्शनानंतर महिन्याभराने समीक्षक सेर्ज कागान्स्की यांनी 'लिबेरास्यों' या दैनिकात लिहिले की मोंमार्त्रसारख्या बहुवंशीय वस्तीतून जने यांनी स्थलांतरितांना जणू झाडून काढले आहे. त्यावर मोठा वाद झाला. बचाव करणाऱ्यांनी भाजीवाल्याचा मदतनीस ल्यूस्यँ साकारणाऱ्या जामेल देब्बूझ यांच्याकडे बोट दाखवले. ते मोरोक्कन वंशाचे फ्रेंच विनोदी नट आहेत. माझ्या मते टीका पूर्ण फेटाळता येत नाही. हे पॅरिस जुन्या कृष्णधवल छायाचित्रांतून आणि चित्रपटांतून स्मरणात उरलेले पॅरिस आहे, आणि स्मरण नेहमी काहीतरी वगळते. मात्र हे एका घाबऱ्या मुलीच्या डोळ्यांतून दिसणारे शहर आहे, असा सोयीचा खुलासा मी करणार नाही, कारण निवेदकालाही तेच शहर दिसते.

लोकांच्या घरात शिरून आमेली जे करते ते चूक नाही का?

चूक आहेच. उर्मट कोलिन्यों आपल्या मदतनिसाचा सारखा पाणउतारा करतो म्हणून ती त्याच्या घराची किल्ली करून घेते, सपाता एक माप लहान आणून ठेवते, घड्याळाचा गजर बदलते, दातांच्या मलमाच्या जागी पायांचे मलम ठेवते, आणि दूरध्वनीत त्याच्या आईच्या क्रमांकाऐवजी मनोरुग्णांच्या मदतीचा क्रमांक भरून ठेवते. माणसाला वेड लागायची पाळी येते. आपल्याकडे एखाद्या शेजारणीने असे केले असते तर प्रकरण सोसायटीच्या सभेत नव्हे, थेट पोलीस चौकीत गेले असते.

चित्रपट या खोड्यांवर हसतो, पण आमेलीच्या परोपकाराला तो सरसकट टाळ्या देत नाही. काफेतल्या दोन एकाकी माणसांची ती जोडी जुळवते. जॉर्जेत आणि संशयी जोसेफ यांचे प्रेम थोडे दिवस फुलते आणि मग त्याच्या संशयीपणाने पुन्हा कुजते. वडिलांनी घराबाहेर पडून प्रवास करावा म्हणून त्यांच्या बागेतला बुटक्याचा पुतळा ती हवाई सुंदरी असलेल्या मैत्रिणीबरोबर जगभर पाठवते आणि वडिलांना त्याची छायाचित्रे येऊ लागतात. तो उपाय मात्र लागू पडतो.

सर्वांत नाजूक प्रकार इमारतीच्या रखवालदारीण बाईंचा, मादलेन वॉलेस यांचा आहे. नवरा दुसरीबरोबर पळून जाऊन परदेशात वारला, तरी या बाई त्याची जुनी पत्रे वाचत रडतात. अनेक वर्षांपूर्वी आल्प्समधल्या मों ब्लां शिखरावर कोसळलेल्या विमानातली टपालाची थैली सापडल्याची बातमी वाचून आमेली त्या जुन्या पत्रांतली वाक्ये कापून, चिकटवून, नव्या पत्राची प्रत काढते, चहाच्या पाण्यात बुडवून ती जुनाट करते आणि 'उशिरा पोचलेले पत्र' म्हणून धाडते. पत्रात नवरा क्षमा मागतो. ही शुद्ध फसवणूक आहे, आणि बाईंचा चेहरा पाहून ती चालवून घ्यावीशी वाटते. (मराठी वाचकाला येथे दुसरेच काही आठवेल. २४ जानेवारी १९६६ रोजी मों ब्लांवरच एअर इंडियाचे 'कांचनजंगा' विमान कोसळले आणि त्यात डॉ. होमी भाभा गेले. त्या विमानातली टपालाची एक थैली २०१२ मध्ये बर्फातून खरोखरच वर आली.)

काचेच्या हाडांचे म्हातारे चित्रकार एकच चित्र पुन्हा पुन्हा का काढतात?

रेमों द्युफायेल यांची हाडे जन्मतः इतकी ठिसूळ आहेत की ते वीस वर्षे घराबाहेर पडलेले नाहीत. घरातले सामानही मऊ आवरणांनी गुंडाळले आहे. ते दर वर्षी ओग्युस्त रन्वार यांच्या १८८१ सालच्या 'नौकाविहारींचे भोजन' या चित्राची एक नक्कल करतात. मूळ चित्र वॉशिंग्टनच्या फिलिप्स कलासंग्रहात आहे. सगळे जमते, फक्त मधोमध पाण्याचा पेला ओठांशी धरलेल्या मुलीची नजर त्यांना पकडता येत नाही. ती सर्वांच्या मध्ये आहे आणि तरीही कुठेतरी बाहेर आहे.

यापुढे द्युफायेल आणि आमेली त्या चित्रातल्या मुलीविषयी बोलत राहतात, आणि दोघांनाही ठाऊक असते की विषय कोणाचा आहे. सुनेला लागावे म्हणून लेकीला बोलण्याची रीत आपल्याकडे आहे. येथे तीच रीत, पण दुखवण्यासाठी नव्हे. आमेली स्वतःविषयी थेट बोलू शकत नाही, म्हणून तिच्याशी तिच्याच आडवळणाच्या भाषेत बोलणारा हा एकटाच माणूस आहे. म्हातारा हाडे मोडतील म्हणून कोंडलेला आहे. तिची हाडे धड असून ती कोंडलेली आहे.

निनो कोण आहे, आणि तो फाटके फोटो का गोळा करतो?

आमेली ज्याच्या प्रेमात पडते तो निनो कँकाँप्वा (नट मात्यू कासोवित्झ) रेल्वे स्थानकांवरच्या फोटो बूथखाली लोकांनी फाडून टाकलेले फोटो वेचतो आणि वहीत जोडून चिकटवतो. फ्रेंच लेखक मिशेल फोल्को यांना असा छंद होता आणि कल्पना तेथून आली. वहीतला एक टकला माणूस वेगवेगळ्या स्थानकांवर पुन्हा पुन्हा दिसतो आणि स्वतःचे फोटो टाकून जातो, त्याचे गूढ शेवटी अगदी साध्या रीतीने उकलते. आमेली जशी दुसऱ्यांच्या आयुष्याचे तुकडे जोडते तसा हा दुसऱ्यांच्या चेहऱ्यांचे जोडतो.

लहान मुलांसोबत पाहता येईल का?

फ्रान्समध्ये सर्वांना मुभा होती. अमेरिकेत सतरा वर्षांखालच्यांना पालकांसोबतच प्रवेश होता. निनो प्रौढांच्या वस्तूंच्या दुकानात काम करतो आणि काही शृंगारिक दृश्ये विनोदाने का होईना स्पष्ट आहेत. घरातली थोरली मुले आणि आजी-आजोबा एकत्र बसणार असतील तर आधी स्वतः पाहून ठरवावे.

आमेलीच्या भूमिकेसाठी ओद्रे तोतू हीच पहिली निवड होती का?

नाही. ही भूमिका मुळात इंग्लिश अभिनेत्री एमिली वॉटसन यांच्यासाठी लिहिली होती, परंतु त्यांनी नकार दिला. त्यानंतर जने यांना दुसऱ्याच एका चित्रपटाच्या भित्तिपत्रकावर तोतू यांचा चेहरा दिसला. आज त्या टपोऱ्या डोळ्यांवाचून आणि आखूड कापलेल्या केसांवाचून आमेलीची कल्पनाच करवत नाही.

ऑस्कर का मिळाले नाही?

मार्च २००२ च्या ऑस्करमध्ये या चित्रपटाला पाच नामांकने होती आणि एकही पुरस्कार मिळाला नाही. परभाषिक चित्रपटांच्या त्याच यादीत आशुतोष गोवारीकर यांचा 'लगान' होता, त्यामुळे त्या रात्री आपल्याकडच्या अनेकांनी 'आमेली'चे नाव प्रथम प्रतिस्पर्धी म्हणून ऐकले. बाहुली दोघांनाही हुकली आणि बोस्नियाच्या 'नो मॅन्स लँड'ला गेली. मायदेशात मात्र सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि दिग्दर्शनासह चार सेझार पुरस्कार मिळाले. कान महोत्सवाच्या स्पर्धेत हा चित्रपट घेतला गेला नव्हता, याची फ्रेंच प्रेक्षकांना अजून गंमत वाटते.

शेवट इतका शांत का आहे?

द्युफायेल आमेलीसाठी चित्रफितीवर निरोप ठेवतात: तुझी हाडे काचेची नाहीत, तू आयुष्याचे धक्के सोसू शकतेस, ही संधी दवडलीस तर तुझे काळीजच माझ्या सांगाड्यासारखे ठिसूळ होऊन बसेल. ती धावत दार उघडते तो निनो समोर उभाच असतो. तो काही बोलू पाहतो आणि ती त्याला थांबवते.

दोन तास निवेदक अखंड बोलत होता, प्रत्येक माशीची, पर्सची, पेटीची खबर देत होता. येथे तो गप्प होतो. आमेली निनोच्या ओठांच्या कोपऱ्यावर, मग मानेवर, मग पापणीवर अलगद ओठ टेकवते आणि मग बोटाने आपल्या चेहऱ्यावरच्या त्याच तीन जागा त्याला दाखवते.